विश्लेषण : वर्ध्याच्या दर्शन नळकांडेला ‘आयपीएल’ संघ का घेतात आणि बाहेर का बसवतात?

‘आयपीएल’ लिलावात चर्चा होते ती कोट्यवधींच्या बोलीची. वर्धा, अकोला, अमरावतीतून आलेल्या क्रिकेटपटूंचे नशीब मात्र बहुतेकदा २०-३० लाखांच्या जागांवर ठरते. या जागा कशा तयार होतात आणि बास्केटबॉलमधील ‘ड्राफ्ट’शी त्यांचा संबंध काय, याचा आढावा.

८ एप्रिल २०२२, मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियम. गुजरात टायटन्सविरुद्ध पंजाब किंग्जचा डाव सुरू होता आणि अमरावतीचा जितेश शर्मा फटकेबाजी करत होता. गुजरातकडून पहिलाच ‘आयपीएल’ सामना खेळणाऱ्या दर्शन नळकांडेने त्याला बाद केले आणि पुढच्याच चेंडूवर ओडीन स्मिथलाही माघारी धाडले. दर्शनचा जन्म वर्ध्याचा, क्रिकेटची जडणघडण अकोल्याची. जितेश आणि तो तेव्हा विदर्भाच्या एकाच संघातून खेळत. त्या वर्षीच्या लिलावात दोघांनाही सारखीच किंमत मिळाली होती, २० लाख रुपये.

त्या सामन्यात पंजाबविरुद्ध पदार्पण करणारा दर्शन आधी २०१९, २०२० आणि २०२१ असे तीन हंगाम पंजाबच्याच ताफ्यात होता. तिथे त्याला एकही सामना मिळाला नव्हता.

तीन वर्षे एकही सामना का नाही?

डिसेंबर २०१८ च्या लिलावात पंजाबने दर्शनला घेतले. ‘आयपीएल’ संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू असतात, त्यात परदेशी जास्तीत जास्त आठ. मैदानात उतरतात अकरा, त्यात परदेशी चार. म्हणजे पूर्ण भरलेल्या संघातील चौदा जण रोज बाहेर बसणारच. यातले काही जण ‘एखाद्याला दुखापत झाली तर’ म्हणून घेतलेले असतात. संघाच्या तक्त्यात ‘भारतीय वेगवान गोलंदाज, क्रमांक ४’ असा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवून चालत नाही. क्रमांक १ ते ३ तंदुरुस्त राहिले, की क्रमांक ४ चा हंगाम नेटमध्ये जातो.

विदर्भासाठी ही गोष्ट नवी नाही. जितेश शर्माही २०१६ आणि २०१७ मध्ये मुंबई इंडियन्सकडे होता. त्यालाही तिथे सामना मिळाला नाही.

चार चेंडूंत चार बळी, तरी किंमत २० लाखच?

२० नोव्हेंबर २०२१ रोजी दिल्लीत सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध डावाच्या शेवटच्या षटकात दर्शनने सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला, पण दर्शनचे नाव देशभर झाले. त्या चार फलंदाजांत एक होता अभिनव मनोहर.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ च्या मेगा लिलावात गुजरात टायटन्सने या दोघांनाही घेतले. अभिनव मनोहर २ कोटी ६० लाखांना, तर त्याला बाद करणारा दर्शन २० लाखांना. वैदर्भीय वाचकाला हे खटकणे स्वाभाविक आहे. पण लिलावात किंमत ठरते ती तशा खेळाडूंच्या टंचाईवरून. शेवटच्या पाच षटकांत मोठे फटके मारणारा भारतीय फलंदाज सगळ्यांनाच हवा असतो आणि तसे मोजकेच असतात. बोली लावणारे दोन-तीन संघ भिडले की आकडा फुगतो. भारतीय मध्यमगती गोलंदाज मात्र प्रत्येक राज्य संघात चार-पाच असतात. त्यांच्यापैकी एक हातचा गेला, तर संघ पुढचे नाव पुकारण्याची वाट पाहतो.

गुजरातचे गणित कसे होते?

हा संघ त्या वर्षी नवा होता. प्रत्येक संघाला ९० कोटींची मर्यादा होती. गुजरातने लिलावाआधीच हार्दिक पंड्या (१५ कोटी), राशिद खान (१५ कोटी) आणि शुभमन गिल (८ कोटी) यांना घेतले होते. उरले ५२ कोटी. लिलावात लॉकी फर्ग्युसनवर १० कोटी, राहुल तेवतियावर ९ कोटी आणि मोहम्मद शमीवर सव्वासहा कोटी गेले. म्हणजे सहा खेळाडूंत ६३ कोटी २५ लाख खर्च झाले आणि हाती राहिले पावणेसत्तावीस कोटी. नियमाप्रमाणे किमान बारा खेळाडू अजून घ्यायचे, २५ चा संघ करायचा तर एकोणीस. वरच्या सहा जणांची सरासरी साडेदहा कोटी. खालच्या एकोणीस जणांच्या वाट्याला सरासरी एक कोटी ४० लाख. त्यातून आणखी दोन-तीन मोठी नावे घेतली की उरलेल्या जागा मूळ किमतीलाच भरणे भाग पडते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेल्या (अनकॅप्ड) खेळाडूची तेव्हाची किमान मूळ किंमत होती २० लाख. जिल्ह्यातून आलेल्या क्रिकेटपटूसाठी ‘आयपीएल’चे दार उघडते ते इथे.

शिवाय परदेशी चौघांची मर्यादा. ८ एप्रिलच्या त्या सामन्यात गुजरातकडे राशिद, फर्ग्युसन, डेव्हिड मिलर आणि मॅथ्यू वेड असे चार परदेशी होते. त्यामुळे शमीच्या जोडीला हवा असलेला वेगवान गोलंदाज भारतीयच असणे भाग होते. ती जागा दर्शनला मिळाली. त्याच दिवशी गुजरातकडून आणखी एकाचे पदार्पण झाले, तामिळनाडूच्या साई सुदर्शनचे. त्याचीही किंमत २० लाखच होती. पुढे गुजरातने सुदर्शनला साडेआठ कोटींना कायम ठेवले आणि २०२५ च्या हंगामात सर्वाधिक धावा त्याच्याच नावावर होत्या.

‘ड्राफ्ट’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे ‘एनबीए’मध्ये, नव्या खेळाडूंसाठी बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात जे तळाला राहिले त्यांना लवकर निवडण्याची संधी, हे तत्त्व. पहिला क्रमांक मिळवण्यासाठी संघांनी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. आता ३० संघ आणि दोन फेऱ्या, म्हणजे एकूण साधारण ६० खेळाडू. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडला. ‘एनबीए’ ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. मात्र त्याला ‘एनबीए’चा एकही सामना खेळायला मिळाला नाही.

पैशांची चढाओढ नसल्याने ड्राफ्टमध्ये एकच प्रश्न उरतो. आपल्या संघात जी उणीव आहे ती भरायची, की उपलब्ध खेळाडूंतील सर्वोत्तम उचलायचा? बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असल्याने हा प्रश्न फार बोचतो. १९८४ मध्ये पोर्टलँड संघाची दुसऱ्या क्रमांकाची पाळी होती. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा त्याच जागेवर खेळणारा उमदा खेळाडू आधीच होता. उणीव होती उंच ‘सेंटर’ची. त्यांनी सात फुटांहून उंच सॅम बोवीला निवडले. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने घेतला मायकल जॉर्डन. बोवीची कारकीर्द दुखापतींत गेली, जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदे दिली.

भारतात असे कधी घडले?

घडले आणि तेही पहिल्याच ‘आयपीएल’मध्ये. मार्च २००८ मध्ये भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्या मुलांचा लिलाव न करता ड्राफ्ट घेण्यात आला, मानधन ठरावीक. पहिली पसंती दिल्लीकडे होती आणि विजेत्या संघाचा कर्णधार दिल्लीचाच होता, विराट कोहली. पण दिल्लीकडे वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर, एबी डिव्हिलियर्स, शिखर धवन असे फलंदाज आधीच होते. उणीव गोलंदाजाची. त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला आणि कोहली बंगळूरुकडे गेला.

आज हसणे सोपे आहे. पण त्या दिवशीच्या कागदावर दिल्लीचा निर्णय तर्काला धरून होता. चूक होती ती काळाच्या मोजमापात. दिल्लीने त्या उन्हाळ्याची गरज पाहिली; १९ वर्षांच्या मुलाकडून पुढच्या दहा वर्षांत काय मिळेल, हा हिशेब मागे पडला. विदर्भातील २०-२२ वर्षांच्या खेळाडूंबाबत अनेक संघ आजही हेच करतात, फक्त तिथे कोणी हळहळत नाही, कारण संधीच न मिळालेल्या खेळाडूबद्दल ‘हा सुटला’ असे कुणाला कळतच नाही.

जितेशला ११ कोटी कसे मिळाले?

जितेशची जागा दुर्मीळ ठरली. यष्टिरक्षण करणारा आणि पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन पहिल्या चेंडूपासून मारणारा भारतीय, असे खेळाडू थोडेच. दिनेश कार्तिक २०२४ च्या हंगामानंतर निवृत्त झाला आणि बंगळूरुकडे नेमकी हीच जागा रिकामी झाली. २०२५ च्या हंगामासाठीच्या मेगा लिलावात त्यांची बोली सात कोटींवर गेली. पंजाबने ‘राइट टू मॅच’ वापरण्याची तयारी दाखवली, म्हणजे तेवढीच रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क. त्या नियमानुसार बंगळूरुला एकदा किंमत वाढवता येत होती. त्यांनी थेट ११ कोटी सांगितले आणि पंजाबने माघार घेतली. ३ जून २०२५ रोजी बंगळूरुने पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा जितेश त्या संघात होता.

त्याच लिलावात दिल्ली कॅपिटल्सने दर्शनला ३० लाखांना घेतले. अनकॅप्ड खेळाडूंची किमान मूळ किंमत आता ३० लाख झाली होती. म्हणजे संघाची एकूण मर्यादा तीन वर्षांत ९० वरून १२० कोटींवर गेली आणि तळाची किंमत दहा लाखांनी वाढली.

एका चेंडूने काय बदलते?

क्रमांक ४ च्या गोलंदाजाला चुकीची मुभा नसते. २३ मे २०२३, चेपॉक, ‘क्वालिफायर-१’. गुजरातने यश दयालच्या जागी दर्शनला उतरवले. डावाच्या दुसऱ्याच षटकात त्याच्या चेंडूवर ऋतुराज गायकवाडचा झेल गिलने टिपला. पण तो नो-बॉल होता. ऋतुराजने ६० धावा केल्या, चेन्नईने सामना १५ धावांनी जिंकला.

त्याच हंगामात आलेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियमामुळे दर्शनसारख्या, गरजेला बॅटही फिरवणाऱ्या गोलंदाजाची ही जोडगुणवत्ता कमी मोलाची झाली. गोलंदाजी संपली की त्याच्या जागी पूर्णवेळ फलंदाज आणता येतो. मग खालच्या क्रमांकावरच्या पंधरा धावांसाठी कोण जास्त पैसे मोजेल?

विदर्भातून आणखी कोणते मार्ग?

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. पण चार दिवसांच्या क्रिकेटमधील यश लिलावात क्वचितच वटते. २०२४-२५ च्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळींचा रणजी विक्रम केला. ‘आयपीएल’मध्ये तो आला तो सनरायझर्स हैदराबादच्या जखमी खेळाडूचा बदली म्हणून. बदली खेळाडू हा सध्या सर्वांत दुर्लक्षित, पण खरा मार्ग आहे. यश ठाकूरने दुसरा दाखवला. लखनऊने त्याला ४५ लाखांना घेतले, २०२४ मध्ये त्याने गुजरातविरुद्ध ३० धावांत पाच बळी घेतले आणि पुढच्या लिलावात पंजाबने १ कोटी ६० लाख मोजले. जून २०२५ मध्ये नागपूरच्या वर्धा रोडवरील जामठ्यात ‘विदर्भ प्रो टी-२० लीग’ सुरू झाल्याने संघांच्या निरीक्षकांना या खेळाडूंना टी-२० मध्ये पाहण्याची आणखी एक जागा मिळाली आहे.

आणि सांगवानचे काय झाले?

२०२२ मध्ये गुजरातच्या त्याच संघात, त्याच २० लाखांच्या किमतीत, तोही होता. दर्शनच्या पदार्पणानंतर तीन आठवड्यांनी, ३० एप्रिलला, ब्रेबॉर्नवरच बंगळूरुविरुद्ध गुजरातने सांगवानला खेळवले. त्याने चार षटकांत १९ धावा देऊन दोन बळी घेतले. समोर बंगळूरुकडून कोहलीने ५८ धावा केल्या. दर्शन त्या दिवशी बाहेर होता.