आश्रय नाकारल्यानंतर न्यायालय काय पाहते?

अधिकाऱ्याने अन्याय केला की ‘हायकोर्टात रिट टाकू’ असे आपले कार्यकर्ते सहज म्हणतात. पण न्यायालय तेथे नेमके काय तपासते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. रिटची ही पद्धत आपल्याकडे इंग्लंडच्या कायद्यातून आली. त्याच इंग्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्या पाच तमीळ तरुणांचे जे झाले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

1987 साली हे पाच जण श्रीलंकेतून ब्रिटनला पोहोचले. 1951 च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपायी छळ होण्याची साधार भीती ज्याला आहे, तो निर्वासित. यांची भीती साधार नाही, असे गृहखात्याने ठरवले. अपिलाची सोय होती, पण ती देश सोडून गेल्यावर! जेथे जिवाला धोका तेथेच जायचे आणि मग धोका होता असे सिद्ध करायचे. तेव्हा हाती उरले ते केवळ न्यायालयीन पुनर्विलोकन.

अपील आणि पुनर्विलोकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपिलात निर्णय बरोबर की चूक हे पाहतात. साक्षीपुरावा तपासून न्यायाधिकारी स्वतःचा निष्कर्ष काढू शकतो. पुनर्विलोकनात न्यायाधीश मंत्र्याच्या खुर्चीत बसत नाही. मंत्र्याने कायद्याचा अर्थ नीट लावला का, अर्जदाराचे म्हणणे ऐकले का, महत्त्वाची बाब नजरेआड केली का, कोणीही समंजस माणूस घेणार नाही असा निर्णय घेतला का, एवढेच तो पाहतो. निर्णय रद्द झाला तरी आश्रय मिळतोच असे नाही. कागद पुन्हा त्याच खात्याच्या टेबलावर जातात.

याचा उपयोग नाही असे मात्र कोणी समजू नये. 1987 मध्येच हाऊस ऑफ लॉर्ड्सने युगांडाच्या एका माणसाला केनियात धाडण्याचा निर्णय रद्द केला. केनिया त्याला पुढे युगांडाच्या हवाली करील, या धोक्याचा मंत्र्याने नीट विचारच केला नव्हता. जिवाचा प्रश्न असेल तेथे निर्णयाची अत्यंत कसोशीने छाननी व्हावी, असे लॉर्ड ब्रिज यांनी त्या वेळी सांगितले.

तमीळ तरुणांना ही कसोशी तारू शकली नाही. खालच्या अपील न्यायालयात ते जिंकले होते. डिसेंबर 1987 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला: मनात भीती असून भागत नाही, तिला वस्तुस्थितीचा आधार हवा, आणि तो आहे की नाही हे मंत्र्याने ठरवायचे. फेब्रुवारी 1988 मध्ये त्यांना परत पाठवण्यात आले. त्या काळात श्रीलंकेच्या तमीळ मुलखात आपली ‘शांतिसेना’ होती, हेही आपण विसरू नये. मागाहून अपील चालले. मार्च 1989 मध्ये न्यायाधिकाऱ्याने पुरावा पाहून निकाल दिला की त्यांना आश्रय मिळायलाच हवा होता. ऑक्टोबरमध्ये ते ब्रिटनला परतले.

एवढे होऊनही 1991 साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने बहुमताने म्हटले की पुनर्विलोकन हा पुरेसा उपाय आहे. मला हे पटत नाही. जो उपाय चुकीचा निर्णय शाबूत ठेवतो, तो त्या माणसाला पुरेसा कसा?

1993 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये राहून अपील करण्याचा हक्क दिला. पण 2002 च्या कायद्याने अर्जावर ‘उघड उघड निराधार’ असा शिक्का मारण्याची सोय केली. हा शिक्का बसला की देशात राहून अपील करता येत नाही. वकील पुन्हा पुनर्विलोकनाचाच अर्ज लिहायला बसतो.