गावातले घर आणि सातबाऱ्यावरचे नाव

रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही वाडीत नवखे माणूस आले की त्याचे नाव मागाहून विचारतात. पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही कुणाच्या?’ प्रश्न अगत्याचाच आहे. परंतु जिच्या जन्माची नोंद मुलगा म्हणून झाली, जी पुढे स्त्री म्हणून जगू लागली आणि त्यापायी घराबाहेर पडली, तिने ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? अशा स्त्रीला आज आपण पारलिंगी किंवा तृतीयपंथी म्हणतो. तिला शहरात खोली मिळणे किती अवघड असते हे पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. तिला गावात घर हवे असेल, चार झाडे, एक विहीर आणि कष्टाला जमीन हवी असेल, तर काय करावे लागते, ह्याचा विचार मात्र सहसा होत नाही. शेजारी वर्षातून दहा दिवस उघडणारा मुंबईकराचा बंगला असतो. त्याला कोणी ‘कुणाचा’ म्हणून विचारीत नाही. पैसा हेही एक कूळच असते, म्हणावयाचे!

घरातून बाहेर पडलेल्या अशा व्यक्तीला आजवर आधार दिला तो मुख्यतः घराण्याने. हिजडा समाजातील घराणे म्हणजे केवळ रूढी नव्हे, ती राहण्याची पक्की व्यवस्था आहे. नव्याने येणारी ही चेला होते, गुरू तिला आपल्या घरी ठेवून घेते. गुरूची गुरू ही आजीसारखी, चेल्याची चेली ती नातीचेला. कमाईतला वाटा गुरूकडे जातो आणि आजारपण, म्हातारपण, मयत ह्यांचा भार घर उचलते. मुंबईतील लालनवाला, पूनावाला, भेंडीबाजार ही घराणी अभ्यासकांच्या ग्रंथांतून नोंदली गेली आहेत. ह्या आश्रयाची किंमत असते, त्यात जाचही असतो, तरी ‘कुणाच्या?’ ह्या प्रश्नाला तेथे तत्काळ उत्तर मिळते. अडचण एवढीच की मुंबईत ज्यांची नावे अशी गाजली ती घराणी बहुतांशी शहरी आहेत. बधाई आणि मागणी ह्यांवर चालणारे घर माणसांच्या गर्दीजवळच राहणार. त्याला भातखाचराचा उपयोग नाही.

गावाशी ह्या समाजाचा संबंध पूर्वी नव्हता असे मात्र नाही. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन ह्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबई इलाख्यातील जुन्या दप्तरांचा आधार घेऊन दाखविले आहे की मराठेशाहीपासून हिजड्यांना काही गावांकडून हक्क मिळत, काहींकडे इनामे होती आणि ती गुरूकडून चेल्याकडे जात. म्हणजे गावच्या वहीत त्यांचे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज सरकारने इनामांची चौकशी आरंभली, तेव्हा सार्वजनिक सभ्यतेचे कारण पुढे करून हे हक्क पुढे चालविण्यास नकार दिला. सुधारणेच्या नावाने माणसे वहीतून खोडली गेली. मागून खाणे हेच त्यांचे स्वरूप असे आपण आज समजतो, त्याच्या मुळाशी हा इतिहास पुष्कळ अंशी आहे.

वहीतल्या नावाचे मोल ह्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला, नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते, आणि सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कसणाऱ्याचे नाव कागदावर यावे एवढीच ती मागणी होती. मराठीत कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे जमीन कसणाराही. एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत हे मला फार बोलके वाटते.

आता कायदा पाहू. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ सांगते की शेतजमीन शेतकरी नसलेल्यास विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. कसणाऱ्याचे रक्षण व्हावे हा ह्या कलमाचा हेतू योग्यच आहे. पण घराबाहेर काढलेल्या माणसावर त्याचा परिणाम कसा होतो? शेतकरी कुटुंबात जन्मलेली पारलिंगी स्त्री बहुधा वडिलांच्या सातबाऱ्यामुळेच शेतकरी ठरते. तो धागा तुटला की ती कायद्याने बिगरशेतकरी होते, मग तिने आयुष्यभर लावणी केलेली असो.

धागा तुटतो तो हक्कसोडपत्राने. आपल्याकडे बहिणी भावांसाठी हक्क सोडून देतात ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ‘माहेर तुटेल’ ह्या भयाने सह्या होतात. पारलिंगी स्त्रीच्या बाबतीत घर दोन्हीकडून हिशेब करते. मुलगा म्हणून वाटा मागावा तर ‘तू मुलगा राहिलास कुठे?’ आणि लेक म्हणून मागावा तर ‘लेकी सही करतात, तूही कर.’ वस्तुतः हिंदू वारसा कायद्यात मुलगा व मुलगी दोघेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तेव्हा तिला मुलगा माना की मुलगी, वाटा तोच! १९ सालच्या, म्हणजे २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याने तर कुटुंबाच्या घरात राहण्याचा आणि तेथून बाहेर न काढले जाण्याचा हक्कही लिहून ठेवला. घर सोडून जाणाऱ्या मुलीला कोणी विचारील तर मी एकच सांगेन: राग कितीही आलेला असो, त्या दिवशी कशावरही सही करू नये.

कागदानंतर गाव येते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे ह्यांना सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील ह्यांनी ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तो नामंजूर झाला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारावयास लावला, आणि त्या निवडून आल्या. अधिकाऱ्याला जे कोडे पडले होते ते मतदारांना पडले नाही. गाव हे नेहमीच मागासलेले असते, ही शहरी समजूत येथे टिकत नाही. आमच्या किनाऱ्यावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा बायका एकत्र बसून विणतात. तेथे एखादीला बसायला जागा मिळाली, तर पुढची पुष्कळ कामे सोपी होतात.

एकटीला हे साधत नसेल तर अनेकींनी मिळून साधावे, असाही मार्ग आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखात पारलिंगी स्त्रियांनी अल्पाका नावाची लोकरीची जनावरे पाळून सामुदायिक वस्ती केली होती. २०२१ साली तिला धमक्या आल्या आणि हत्यारबंद पहारा ठेवावा लागला. एकांत म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्यावरून दिसते. मला अधिक अनुकरणीय वाटते ते तामिळनाडूतील कोविलपट्टीजवळचे मंदितोप्पू. तेथे जिल्हा प्रशासनाने जागा व घरे दिली आणि पारलिंगी स्त्रियांनी २०२० च्या सुमारास दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली. सुरुवातीला तीसएक सभासद होत्या. गायी स्वतःच्या आणि संस्था नोंदलेली. दुधाचा रतीब घालणारीला गाव रोज पहाटे भेटते. ही ओळख व्याख्यानांनी होणारी नाही.

रायगडात असे काही करावयाचे तर गावठाणातील घरजागेपासून आरंभ करणे बरे, कारण तेथे कलम ६३ ची अडचण येत नाही. शेतजमीन मागाहून, परवानगीने किंवा सभासदांपैकी जिचा सातबारा शाबूत आहे तिच्या आधाराने. नोंदणीसाठी १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा अशा संस्थेला किमान दहा माणसे मागतो, आणि ती दहा वेगवेगळ्या कुटुंबांतील असावीत अशी त्याची अट आहे. इतर अनेक संस्थांना ही अट जड जाते. ह्या दहाजणींना मात्र ती सहज पुरी करता येईल. त्या दहा घरांतूनच बाहेर पडलेल्या असतात.