भज्जीच्या पातेल्यात काय काय शिजतं

मार्गशीर्षातल्या अमावास्येला देवणीच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही. येळवस असते. अख्खं गाव रानात. कडब्याच्या कोपीपुढं पूजा होते आणि मग भज्जी. भजी नव्हे, भज्जी. पुण्याच्या पाहुण्यांना हे दरवर्षी सांगावं लागतं, तरी ते कांदाभज्यांचीच वाट बघत बसतात.

आदल्या रात्री घरोघरी शेंगा सोलायची बैठक बसते. तुरीचे हिरवे दाणे, वाटाणे, हरभऱ्याचे सोलाणे, पावटे, भिजवलेले शेंगदाणे. मग मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर. चिंचेचा कोळ, लसूण-मिरचीचा ठेचा आणि शेवटी कालवलेलं बेसन. पळी उभी राहिली की भज्जी झाली. जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी आणि मडक्यातली आंबील.

आहारशास्त्राच्या डोळ्यानं बघितलं तर हे पातेलं फार हुशार आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यात लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं. तुरी-हरभऱ्यात लायसिन भरपूर, तिथं मेथिओनिन कमी पडतं आणि ते धान्यातून मिळतं. भाकरी आणि डाळ एकमेकींची उसनवारी अशी फेडतात.

ही उसनवारी बंद पडली की काय होतं, ते याच दख्खनच्या पठारानं भोगलंय. हैदराबादच्या आसपास निव्वळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, डोकं ठिकाणावर राहायचं नाही. मुळात ही नायसिन या जीवनसत्त्वाची टंचाई. डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन शरीरातल्या नायसिनच्या कामात आडवं येत असावं. ज्वारीला त्यामुळं वाईट म्हणू नका. दोष एकट्या ज्वारीवर जगायला लावणाऱ्या गरिबीचा. शेंगदाण्यात नायसिन चांगलं असतं, आणि भज्जीत ते मूठमूठभर पडतात.

पालेभाजीतल्या लोहाचं मात्र जरा नखऱ्याचं काम. असतं बरंच, अंगी लागतं थोडं. धान्य-डाळींतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. आंबवल्यानं, मोड आणल्यानं हे फायटेट कमी होतं, म्हणून रात्रभर आंबलेली आंबील निव्वळ चवीची गोष्ट नाही. ताटात लिंबाची फोड असेल तर तिच्यातलं क जीवनसत्त्व लोहाला आणखी हात देतं. बी-12 मात्र या सगळ्या हिरवाईत शोधून सापडणार नाही. ते थोडंफार येतं आंबिलीतल्या ताकातून, आणि ताकासाठी आमच्या गावानं तर अख्ख्या गोवंशाला आपलं नाव दिलंय.

गंमत अशी, की प्रथिनांत डाळींनाही मागं टाकणारं सोयाबीन आमच्या रानात उदंड पिकतं. ते तेलाच्या गिरणीत जातं आणि त्याची पेंड कोंबड्या खातात.

जेवणं उरकली की तीन दगडांवर चहाचं पातेलं चढतं. चहातलं टॅनिन लोह अडवतं, तासभर थांबा, असं मी यंदा सांगून बघितलं. चुलतीनं कप पुढं केला. "वर्सातनं एकदा रानात येतूस बाबा, पी गुमान."