नखाला हरणारा, काच ओरखडणारा

झाशीत रेल्वेमार्गाच्या पलीकडे, किल्ल्याच्या विरुद्ध अंगाला, सीपरी बाजार आहे. सीपरी हे शिवपुरीचं जुनं नाव. शिंद्यांची उन्हाळी राजधानी तिथं होती, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोप्यांना फाशी दिली तीही तिथंच. मराठी माणूस झाशीला आला की किल्ला बघतो, ते रास्तच आहे. पण झाशी, ललितपूर, महोबा, टीकमगढ, छतरपूर, शिवपुरी या साऱ्या मुलखात एक पांढुरका दगड सापडतो, त्याच्याकडेही बघायला हवं. हाताला साबणासारखा लागतो, नखानं ओरखडतो. महोब्याकडे त्याला गौरा पत्थर म्हणतात, त्याच्या मूर्ती आणि डब्या कोरतात. खनिजशास्त्रात त्याचं नाव पायरोफिलाइट.

या मऊ दगडाच्या पोटात अनेकदा दुसरा दडलेला असतो : डायास्पोर. हा काचेवर चरा पाडतो. कोरणाऱ्याच्या छिन्नीचं तो वाटोळं करील; भट्ट्यांच्या विटा करणाऱ्याला मात्र तोच हवा, कारण त्यात ॲल्युमिना ८५ टक्के. पायरोफिलाइटमध्ये २८ टक्केच. म्हणून दोघांना वेगळं करायचं, आणि ते नीट वेगळे झाले की नाही हे तपासायचं.

रासायनिक पृथक्करण पुरेसं नाही का? समजा, नमुन्यात ॲल्युमिना साडेएकोणचाळीस टक्के निघालं. पायरोफिलाइट ऐंशी भाग आणि डायास्पोर वीस भाग मिसळले की जवळजवळ हाच आकडा येतो. पण चिनी मातीतल्या शुद्ध केओलिनाइटचाही आकडा हाच! सिलिका आणि पाणी मोजलं तर फरक कळतो. पण त्यात क्वार्ट्‌झ, अभ्रक मिसळले की तोही हिशेब डळमळतो. वजनकाटा किती ते सांगतो, कोण ते सांगत नाही.

ते सांगतो क्ष-किरण. स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून क्ष-किरण ठरावीक कोनांतच परततात, हे गणित ब्रॅग पितापुत्रांनी बसवलं. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं तेव्हा मुलगा लॉरेन्स पंचवीस वर्षांचा होता. नमुन्याची पूड तबकडीत भरायची आणि तांब्याच्या नळीतले किरण सोडायचे. आलेखावर साडेनऊ अंशांच्या किंचित पुढे सुळका उठला तर पायरोफिलाइट, सव्वाबाराच्या पुढे उठला तर केओलिनाइट, बावीसच्या पुढे डायास्पोर, साडेसव्वीसच्या आसपास क्वार्ट्‌झ. खनिज ओळखायला एकच सुळका पुरत नाही, सगळी रांग जुळावी लागते.

यंत्रालाही खोड आहेच. पायरोफिलाइटच्या चपट्या पापुद्र्यांची पूड तबकडीत दाबली की ते पत्त्यांसारखे आडवे पडतात, त्याचा पहिला सुळका भलताच उंच जातो आणि नमुन्यात तेच भरलंय असा भास होतो. म्हणून पूड मागून किंवा बाजूनं भरतात. आणि पूड केली की दगडाची घडणच गेली. दाणे एकमेकांना चिकटलेले होते की सुटे, हे आलेख कसा सांगणार?

तिथं सूक्ष्मदर्शक. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून ध्रुवित प्रकाशात, दोन ध्रुवकांच्या मध्ये धरला की दोन्ही खनिजं रंगांनी झळाळतात, आणि नवखा माणूस फसतो. वरचं ध्रुवक काढलं की डायास्पोरचा दाणा काठ उठावदार करून वर आल्यासारखा दिसतो, पायरोफिलाइट मागे बसतं. दाणे केवढे, कशात रुतलेले, हे इथं कळतं. आणि त्यावरून दळण किती बारीक करायचं ते ठरतं.

दळणाचा पेच खरा. कडक दाणा तग धरतो आणि मऊ पापुद्रा पिठासारखा होतो, म्हणून नुसत्या चाळणीनंही बरंच काम होतं. पण अति दळलं तर ते पीठ डायास्पोरवरच लेपासारखं बसतं. दाणे सुटे झाले का हे बघायला प्रयोगशाळेत ब्रोमोफॉर्म या जड द्रवात भुकटी टाकतात. त्याची घनता २.८९, डायास्पोर बुडतं, क्वार्ट्‌झ आणि सहसा पायरोफिलाइटही तरंगतं. दोन्ही खनिजं चिकटून राहिलेला जोडदाणा मात्र जड भागाच्या प्रमाणानुसार कुठेही जातो.

बुडालेल्याची आणि तरंगलेल्याची वेगवेगळी पूड क्ष-किरणांखाली जाते, दोन्हींचे दाणे राळेत बसवून, घासून सूक्ष्मदर्शकाखालीही. अशा कामाचं मोठं घर नागपुरात आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय तिथं, आणि हिंगण्याला त्याची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा. झाशी आणि नागपूर एकाच लोहमार्गावरची गावं, हे त्यातल्या त्यात सोयीचं.

सुटे दाणे मोजणाऱ्याला एक गोष्ट कायम मनात ठेवावी लागते. राळेतला दाणा कापताना चिकटलेलं दुसरं खनिज कापात आलंच नाही, तर जोडदाणाही सुटा दिसतो. सुटा दाणा मात्र जोडलेला दिसू शकत नाही. म्हणून भिंगाखालचा सुटेपणाचा आकडा नेहमी थोडा उदारच असतो. शंका आली की टाकाऊ ढिगातला नमुना आणून तोही घासतात. त्यात पांढऱ्या पापुद्र्यात रुतून बसलेलं डायास्पोर सापडलं, की गिरणी पुन्हा लावावी लागते.