संकल्प नव्हे, करार!

नववर्ष म्हटले की संकल्प आलेच. मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती भाविक मात्र या सुमारास देवाशी केलेल्या कराराचे नूतनीकरण करतात. जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये ही उपासना सुरू केली. पुढे ती वर्षारंभाशी जोडली गेली. या प्रार्थनेत यशाची वा आरोग्याची मागणी नसते. येणारे वर्ष भरभराटीचे असो वा हलाखीचे, भाविक स्वतःला देवाच्या स्वाधीन करतो. आजारपण वा बेकारी सोसणाऱ्यासाठी हे शब्द उच्चारणे सोपे नाही. पण संकल्प माणसाच्या निश्चयावर टिकतो, तर करार देवाने आधीच केलेल्या प्रेमावर. म्हणूनच भीती सरलेली नसतानाही तो मनोभावे करता येतो, अशी त्यामागील श्रद्धा आहे.