अभियांत्रिकी करारात काय लिहावे?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० नुसार करारासाठी सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश आवश्यक असतात. अभियांत्रिकी करारात त्यापुढे कामाची व्याप्ती मोजता येईल अशी लिहावी लागते. ‘चांगले काँक्रीट’ म्हटले की वाद उद्भवतो. ‘एम २५’ म्हटले की १५० मिलिमीटर बाजूचे घन २८ दिवसांनी दाबून प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटनची ताकद तपासता येते.

दुसरा मुद्दा पैशाचा. बाबनिहाय दराच्या करारात प्रत्यक्ष मोजमापानुसार बिल होते, त्यामुळे परिमाण वाढल्याचा भार मालकावर पडतो. ठोक रकमेच्या करारात तो बहुतांशी कंत्राटदारावर जातो. मूळ आराखड्याबाहेरचे काम लेखी आदेशाशिवाय सुरू करू नये आणि त्याचा दर ठरवण्याची पद्धत करारातच असावी.

विलंबासाठी भरपाईची रक्कम आधीच ठरवता येते. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा असते, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. काम संपल्यानंतरचा दोष-दायित्व कालावधी आणि अनामत परत करण्याची अट स्पष्ट असावी. वाद लवादाकडे न्यायचे असतील, तर १९९६ च्या लवाद कायद्यानुसार तसे लेखी कलम लागते.