वेदनेचा पहारा

खेळताना ज्याचा गुडघा कधीच फुटला नाही, असा मुलगा विरळाच. पडल्याबरोबर आपण कळवळतो, रक्त पाहून घाबरतो. परंतु काही दिवसांत खपली गळून पडते आणि तिच्याखाली नवी गुलाबी त्वचा दिसू लागते. ही किमया कोणाची? औषधाची म्हणाल, तर नव्हे. जखम भरून काढतो तो आपला देहच. औषध आणि शुश्रूषा ही त्याच्या कामातील विघ्ने दूर करतात.

देहाचे हे काम शिस्तीने चालते. त्वचा फाटताच रक्तातील बिंबिका नावाचे सूक्ष्म कण तेथे गोळा होतात, रक्त गोठते आणि वाट बंद होते. पाठोपाठ पांढऱ्या पेशी येऊन रोगजंतूंशी झुंजतात. जखमेभोवती दिसणारी थोडी लाली व सूज ही या झुंजीचीच खूण होय. मग नव्या रक्तवाहिन्या व नवे मांस यांनी खड्डा भरत जातो आणि कडेची त्वचा हळूहळू पुढे सरकून त्याला झाकते. वरून जखम बरी दिसली, तरी आतील डागडुजी कित्येक महिने चालू असते. म्हणून जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ पट्टीने झाकावी व वारंवार डिवचू नये. माती, राख किंवा चुना तिच्यावर कधीही लावू नये. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी लागेल काय, हे ते सांगतात.

परंतु जखम झाली आहे, ही वर्दी आपल्याला कोण देते? वेदना! ती नकोशी वाटते खरी. पण ती नसेल तर काय होते, ते मी माझ्या घरीच पाहिले.

माझे थोरले बंधू अनेक वर्षे मधुमेहाने आजारी होते. एके दिवशी सायंकाळी ते शेतातून अनवाणीच घरी आले. त्यांची लहानगी नात एकदम ओरडली, "आजोबा, फरशीवर रक्त!" दादांनी पाय उचलून पाहिला. बाभळीचा काटा तळव्यात खोल रुतला होता आणि ते तसेच घरापर्यंत चालत आले होते! "अगं, मला तर मुळीच दुखत नाही," असे म्हणून ते हसले. न दुखणे हेच तर मोठे संकट होते. ती जखम भरण्यास चार महिने लागले.

मधुमेह हा चार दिवसांच्या औषधाने जाणारा आजार नव्हे. पथ्य, व्यायाम व औषध यांच्या साहाय्याने त्याच्यासह जगावे लागते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर पायांतील मज्जातंतू बधिर होतात आणि रक्तपुरवठाही मंदावतो. त्यामुळे जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही.

कुष्ठरोगातही मज्जातंतू असेच बधिर होतात. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोर येथील वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की वेदना न कळल्यामुळे हातापायांना भाजते, खरचटते, एकाच जागी दाब पडत राहतो. आणि दुर्लक्षित जखमांनी बोटांचा नाश होतो. पायांची काळजी घेतली व मऊ तळाची पादत्राणे वापरली, तर पुष्कळ हानी टळते. मधुमेही रुग्णांनाही हाच धडा उपयोगी पडला.

यात मुलांनाही करण्याजोगे बरेच आहे. आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर रोज चांगल्या उजेडात त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाय धुण्याचे पाणी फार कढत नाही ना, हे आपल्या कोपराने तपासावे. धुतलेले पाय नीट कोरडे करावेत. पादत्राण घालण्यापूर्वी ते झटकून, आत खडा नाही ना, हे पाहावे. त्यांना घरातही अनवाणी फिरू देऊ नये. फोड, चीर वा लाली दिसली, तर ती कितीही लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

त्या दिवसापासून दादांची नात रोज सायंकाळी दिवा लागला, की त्यांचे पाय मांडीवर घेऊन तपासू लागली. पुढे एकदा तिला टाचेवर एक बारीक चीर दिसली. वेळीच मलमपट्टी झाल्यामुळे ती आठवडाभरात भरून आली. दादांच्या पायांतील वेदनेने सोडलेला पहारा त्या मुलीच्या डोळ्यांनी असा चालू ठेवला.